मेपलची पानं मागवू नका, प्राजक्ताखाली धोतर पसरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी वीस दिवसांची, घर इंदूरच्या सुदामानगरात, आणि बाळाच्या आजी सव्वा महिना होईपर्यंत बाळाला उंबऱ्याबाहेर काढू देत नाहीत. टोरांटोहून दादा-वहिनींनी त्यांच्या बाळाचा लाल-केशरी पानांच्या ढिगातला फोटो पाठवला आणि आता घरात सगळ्यांना तसाच फोटो हवाय. तर कापडी मेपल पानांची पाकिटं मागवायची का, जुना डीएसएलआर आणि ५० मिमीची एफ/१.८ लेन्स बाहेर काढायची की फोन पुरे, आणि फ्लॅश बाळाच्या डोळ्यांना चालतो का.

पानं मागवू नका. फ्लॅश कपाटातच राहू द्या. लेन्स मात्र काढा, पुसा आणि कॅमेऱ्याची बॅटरी आज रात्रीच चार्जिंगला लावा. आता कारणं सांगते.

इंदुरात बाळांचे फोटो काढायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. सुरुवातीला पानांचा हा उद्योग मीही करून बसले आहे. कापडी पानं, खाली केशरी चादर, मधोमध बावीस दिवसांचा मुलगा. काढताना झकास वाटलं. प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेले, तर पणजीबाईंनी चष्मा लावून बराच वेळ फोटो न्याहाळला आणि विचारलं, "कावीळ झालेली का गं ह्याला?" मुलगा ठणठणीत होता. चूक माझी होती. तान्ह्या बाळाची कातडी जवळचा रंग लगेच अंगावर घेते. खाली केशरी असलं की हनुवटीखाली, गालाच्या कडेला, मानेच्या घडीत केशरी उजेड परत उसळतो. तो नंतर काढायला जावं तर बाकीचा फोटो निळा पडतो. तेव्हापासून बाळाच्या खाली आणि शेजारी फक्त पांढरं, साईसारखं किंवा फिकट राखाडी. पिस्ता रंगाची भिंत असेल तर तिच्यापासूनही चार हात लांब. आणि कापडी पानांच्या कडेचे दोरे सुटतात. बाळाच्या बोटाला असा दोरा गुंडाळला गेला तर बोट सुजेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. एवढं एक कारणही मला पुरेसं आहे.

विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. फोन आपल्या मनाने रंग दुरुस्त करतो, त्यामुळे खरी कावीळ फोटोत झाकली जाऊ शकते. बाळाचा रंग दिवसाच्या उजेडात, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा दिसत असेल तर फोटो राहू द्या, आधी डॉक्टरांकडे जा.

आता त्या पानांकडे येऊ. कॅनडात दिवस लहान होत जातात, थंडी पडते, पानातला हिरवा रंग मोडतो आणि खाली दडलेला पिवळा वर येतो. मेपलमध्ये त्यावर लाल रंग नव्याने तयार होतो. आपल्याकडे पिंपळ नि पळस पानं टाकतात ती माघ-फाल्गुनात, होळीच्या आगेमागे. शरदात माळव्यातली झाडं पावसाने धुऊन हिरवीगार असतात. पानगळ होते ती शेतात. भादव्याच्या शेवटी देवासच्या नाहीतर उज्जैनच्या रस्त्याने गेलात तर सोयाबीन मैलोनमैल पिवळं पडून पानं टाकताना दिसेल. पण ती पानं कुणी बाळाखाली अंथरत नाही. शेंगांची टोकं बोचतात.

मग घरात बसून शरद दाखवायचा कशाने? माझ्या मते तीन गोष्टींनी. प्राजक्त, आपट्याचं पान आणि ऊन. पहिल्या दोन गोष्टींचं पटकन सांगते, कारण खरं काम तिसरी करते.

प्राजक्त शेजारीपाजारी कुणाकडे तरी असतोच. रात्री झाडाखाली धुतलेलं धोतर पसरून ठेवा, पहाटे फुलं आपोआप पडलेली मिळतील. मुंग्या झटकून फुलं पितळी परडीत घ्या. आठ-साडेआठनंतर ती मलूल होतात, म्हणजे तुमच्याकडे दोन तास आहेत. परडी बाळापासून हातभर पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला, फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात. फोकस बाळावर ठेवलात की फुलं पांढरी-केशरी धूसर होऊन बसतात, आणि केशरी रंग हवा तेवढाच, हवा तिथेच मिळतो. फुलं बाळाच्या अंगावर किंवा उशाशी ठेवायची नाहीत. एक तर मुंग्या, दुसरं म्हणजे प्राजक्ताच्या देठाचा रंग कपड्याला लागतो. पूर्वी त्याने कापड रंगवायचे ते उगीच नाही.

काल दसरा झाला. घरात सोन्याचा ढीग पडला असेल. त्यातलं एक पान निवडा, किडकं नको, आणि ओल्या फडक्याने नीट पुसून घ्या, कारण बाजारातून आलेल्या पानांवर धूळ फार असते. आजोबांच्या तळहातावर ते पान आणि त्याच तळहातावर बाळाची मूठ. आपट्याचं पान आणि वीस दिवसांच्या बाळाची मूठ जवळपास सारख्याच मापाची असते. ढीगभर पानांत बाळ हरवतं, एका पानाशेजारी त्याचं माप कळतं. पुढे ती चौथीत जाईल तेव्हा हाच फोटो मागेल बघा.

आता ऊन. ह्यावर मी तासभर बोलू शकते, घरचे पळ काढतात.

जूनमध्ये दुपारी इंदूरच्या बरोबर डोक्यावर सूर्य असतो, दक्षिणेच्या खिडकीतून थेंबभर ऊन आत येत नाही. ऑक्टोबरच्या मध्याला तो दुपारी ५८-५९ अंशांपर्यंतच चढतो आणि दक्षिणेकडे कलतो. खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल आणि बाहेर छज्जा नसेल, तर ऊन चार फूट आत येऊन फरशीवर पडतं. दिवाळीपर्यंत ते आणखी आत सरकलेलं असेल. शिवाय सूर्य आता पूर्वेच्या जरा दक्षिणेला उगवतो, म्हणून पूर्वेच्या खिडकीतून येणारी तिरीप पावसाळ्यापूर्वी जिथे पडायची तिथे पडत नाही, समोरच्या भिंतीवर डावीकडून उजवीकडे सरकलेली असते. पावसाने हवेतली धूळ खाली बसवलेली असते, म्हणून सावलीची कड स्वच्छ येते. वर्षभरात हे ऊन असं दीडेक महिनाच मिळतं, दिवाळीच्या धुरानंतर ते गढूळ होतं. तुम्ही ज्याला ऑटम म्हणताय तो आपल्या घरात असा येतो. दोन दिवस नुसतं बघा. सकाळी सात, आठ, नऊ आणि दुपारी बारा-साडेबाराला कोणत्या खोलीत ऊन कुठे पडतं ते फरशीवर खडूने मांडून ठेवा. बाळ हलवण्यापेक्षा खडू हलवणं सोपं.

ऊन थेट बाळाच्या तोंडावर घ्यायचं नाही. ते डोळे मिटतं, कपाळाला आठ्या पडतात आणि अर्धं तोंड पांढरंफटक येतं. खिडकीला आजोबांचं जुनं धोतर लावा, वापरून मऊ पडलेलं. नव्या धोतराला खळ असते, त्यातून उजेड नीट झिरपत नाही. धोतराला निळीचा हात लागलेला नसावा, नाहीतर बाळ निळसर दिसतं. खोलीतली ट्यूबलाइट, दिवा, देवघरातला रंगीत बल्ब, सगळं बंद. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की कातडीवर हिरवट-पिवळे ठिपके पडतात आणि ते कुठल्याही अ‍ॅपने नीट निघत नाहीत. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर जाड गादी जमिनीवरच घाला, पलंगावर नको. त्यावर दुपटं, त्यावर बाळ, पाठीवर. डोकं खिडकीकडे, पण सरळ नाही, जरा तिरकं, म्हणजे उजेड कपाळावरून नाकाकडे, नाकावरून हनुवटीकडे ओघळेल. पाय खिडकीकडे केलेत तर उजेड खालून वर जातो आणि हनुवटीखाली बॅटरी धरून भूत-भूत खेळल्यासारखा चेहरा दिसतो. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की पुरे. स्टीलचं ताट लावू नका, त्याचे चट्टे उठतात.

एक फोटो मात्र धोतर बाजूला करून काढा. ह्यासाठीच मी एवढं लिहितेय. आंघोळ-दूध झाल्यावर आजी बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढतात ना, तेव्हा त्यांना पूर्वेच्या खिडकीसमोर असं उभं करा की ऊन बाळाच्या डोक्यामागून येईल आणि चेहरा सावलीत राहील. तुम्ही बाजूला जा, कानाच्या उंचीला. तान्ह्या बाळाच्या कानाची पाळी इतकी पातळ असते की मागून ऊन आलं की ती आतून पेटते. लालभडक, कडेला केशरी, आणि मधे केसाएवढ्या बारीक शिरा, पानाला असतात तशा फाटे फुटत गेलेल्या. तुम्हाला शिरांसकट लाल पान हवं होतं, ते हे घ्या. कानामागे आणि खांद्यावर जन्माची लव असेल तर तिला सोन्याची कड येते. ही लव येत्या काही आठवड्यांत गळून जाणार. नाळ एव्हाना गळालीच असेल, पावलांची सालपटं निघून गेली असतील, पुढे जावळही पातळ होईल. वीस दिवसांच्या बाळाच्या अंगावर ही पानगळ चालूच असते, फक्त ती कुणी टिपत नाही. लव जाड दिसावी म्हणून काही करायचं नाही, तिरप्या उन्हात ती आपोआप दिसते. फोनवर काढत असाल तर ब्यूटी फिल्टर आधी बंद करा, तो लव पहिल्या फटक्यात पुसून टाकतो. पोर्ट्रेट मोडही नको, तो कानाची कड कापतो.

कॅमेऱ्याचे आकडे. ५० मिमी लेन्स एफ/१.८ वर उघडी ठेवून साठ सेंटिमीटरवरून काढलंत, तर तुमच्या डीएसएलआरवर जेमतेम सेंटिमीटरभर खोली फोकसमध्ये येते. पापण्या स्पष्ट आणि नाकाचं टोक पुसट. एफचा आकडा वाढवला की ही खोली वाढते. चेहऱ्यासाठी एफ/४, सगळं बाळ घेताना एफ/२.८. शटर सेकंदाच्या १/२५० पेक्षा हळू नको, झोपलेलं बाळही अचानक दोन्ही हात फेकून दचकतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ८०० ते १६०० बिनधास्त चढवा, फोटोत थोडे दाणे दिसले तर बिघडत नाही, हललेला फोटो मात्र फुकट. पांढरं दुपटं बघून कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी काढतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). कानाच्या फोटोत उलट, जळू नये म्हणून खाली. फोनवर बाळाच्या गालावर बोट दाबून धरलं की मोजणी तिथे अडकते, मग बोट वर-खाली सरकवून उजेड ठरवा. फोन अगदी तोंडाजवळ नेऊ नका, नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोन पावलं मागे सरून २एक्स.

इंदुरात बसून फोटोंबद्दल लिहायचं आणि जुन्या काळचे नामांकित छायाचित्रकार लाला दीनदयाळांचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमत नाही. ते इथे बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्या काळच्या ओल्या काचेच्या प्लेटीवर उजेड कित्येक सेकंद पडू द्यावा लागे. तान्हं मूल त्यात म्हणजे पुसट डाग. तुमच्या कपाटातल्या कॅमेऱ्याला ती अडचण नाही, तेव्हा तो जुना झाला म्हणून त्याला नावं ठेवू नका.

फ्लॅशचं विचारलंत. साध्या फ्लॅशने डोळ्यांना इजा होत नाही, पण बाळ दचकतं, उजेड सपाट पडतो, आणि एवढं तिरपं ऊन घरात येत असताना तो लावायचा म्हणजे श्रीखंडावर साखर भुरभुरणं.

वेळ कोणती? पोट भरल्यानंतरचा पहिला अर्धा तास. मालिश-आंघोळीनंतर बाळ गाढ झोपतं, तेव्हा तुम्ही घाई करायची नाही. जिरावण घालून पोहे खा, हात साबणाने धुवा, मग या. खोली उबदार हवी, पण सध्याच्या ३२-३३ अंशांत शेगडी पेटवायची गरज नाही, पंखा हळू ठेवला की झालं. पंख्याचा झोत थेट अंगावर नको. धुरी देताना उन्हाच्या तिरिपेत धूर फार देखणा दिसतो, मला माहीत आहे, पण फोटोसाठी धूर करायचा नाही. बाळाच्या छातीला तो चांगला नाही, पावडर उडवणंही नाही. वरून फोटो काढायचा असेल तर कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, लेन्सचं झाकण खिशात, आणि एक माणूस बाळाच्या हातभर अंतरावर बसलेला. हनुवटीखाली हात ठेवून बसलेल्या बाळांचे फोटो बघून कुणाला उत्साह आला तर थांबवा. तिथे कुणीतरी डोकं धरलेलं असतं आणि दोन फोटो जोडून हात पुसलेले असतात. घरी ते करायचं नाही.

गालावर तीट असेल तर पुसू नका. नंतर एडिटिंगमध्येही काढू नका. आज ती फोटो बिघडवते असं वाटतं, वीस वर्षांनी सगळे आधी तीच शोधतात. कुंची असेल तर घाला, पण जरीचे गोंडे आणि मणी आत वळवून. टोपडं डोळ्यांवर घसरतं म्हणून पुन्हा पुन्हा ओढत बसलात तर बाळ जागं होईल, घसरलेलंच काढा.

आणखी चार दिवसांनी कोजागिरी. तुमची ही पहिली मुलगी, म्हणजे तिची पहिली आश्विनी. घरात ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात तो फोटो चुकवू नका. तो गच्चीवर काढायचा नाही. माळव्यात ह्या दिवसांत रात्री गार होतात, आणि चंद्र व बाळ एका फोटोत येणारही नाहीत. चांदणं उन्हाच्या साधारण चार लाख पट मंद असतं, पण चंद्र स्वतः उन्हात असतो. चंद्र नीट आला तर बाळ काळं, बाळ नीट आलं तर चंद्राच्या जागी पांढरं भोक. शिवाय ५० मिमी लेन्समधून चंद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान उमटतो. तेव्हा बाळ घरात, आईच्या मांडीवर. खोलीत मागे भिंतीकडे वळवलेला एक मंद पिवळा दिवा, आणि ओवाळणीच्या तबकातलं निरांजन. एफ/१.८, आयएसओ ३२००, १/१२५. रंगाची सेटिंग ऑटोवरून काढून दिव्याच्या चिन्हावर ठेवा, आणि फोटो फार निळा वाटला तर ढगाच्या चिन्हावर नेऊन बघा. ज्योत फ्रेममध्ये आली पाहिजे असं नाही, तिचा उजेड आईच्या हनुवटीवर आणि बाळाच्या कपाळावर पडला की पुरे. तबक दुपट्यापासून लांबच फिरवायला सांगा. आणि "फोटो नीट आला नाही, परत ओवाळा" असं म्हणायचं नाही. आजी एकदा ओवाळतात, तुम्ही तेवढ्यात पाच-सहा फोटो सलग काढून ठेवा. दुधाचं पातेलं, त्यात केशराची काडी, गच्चीवरचा चंद्र, हे सगळं वेगळं काढा आणि अल्बममध्ये शेजारच्या पानावर लावा.

झोपेत ती हसली तर आजी म्हणतील सटवाई हसवतेय. तो फोटो मिळाला तर मिळाला, त्यासाठी कॅमेरा रोखून बसू नका. समोरच्याकडे बघून हसणं साधारण सहा आठवड्यांनी येतं. तुमचा हिशेब मांडला तर ते भाऊबीजेच्या आसपास पडतं, आणि सव्वा महिनाही तोवर झालेला असेल. म्हणजे तेव्हा तिला ओसरीवर आणता येईल. आत्ता तिला हातभर अंतरापलीकडचं धूसरच दिसतं, त्यामुळे "इकडे बघ, इकडे बघ" म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या मामांना बाहेर बसवा. आईचा चेहरा तिच्या तोंडापासून वीतभर आणा, ती तिकडे बघेल, आणि तुम्ही बाजूने काढा.

जुना कॅमेरा वर्षानुवर्षं कपाटात पडून असेल तर त्याची तारीख मागे गेलेली असते. पहिला फोटो काढायच्या आधी ती बरोबर लावा. माझ्याकडे एका मुलीचे बारशाचे फोटो आहेत, त्यांवर तिच्या जन्माच्या सात वर्षं आधीची तारीख आहे.